ट्वीडकाठचं नॉरहॅम : बिशपचा किल्ला, राजांची भांडणं

ट्वीड नदी ओलांडली की स्कॉटलंड. अलीकडच्या काठावर इंग्लंडचं नॉरहॅम गाव आणि उंचवट्यावर पडका किल्ला. नदीअलीकडे आजूबाजूला नॉर्थम्बरलंड परगणा असूनही हा मुलूख १८४४ पर्यंत दूर दक्षिणेकडच्या डरहॅम परगण्यात मोडत असे. इथल्या इतिहासाची किल्ली या विचित्र नोंदीत आहे.

मध्ययुगात डरहॅमचा बिशप नुसता धर्मगुरू नव्हता. त्याची स्वतःची न्यायालयं होती, तो फौजही उभारत असे. नॉरहॅमची जमीन त्याच्या ताब्यातली, म्हणून सरहद्दीवरचा हा किल्लाही राजाने नाही, तर रॅनल्फ फ्लँबार्ड या बिशपने ११२१ मध्ये बांधायला घेतला. पुढच्याच पिढीत स्कॉटलंडच्या डेव्हिड राजाने तो जिंकला. मग ह्यू द प्यूझे या बिशपने दगडी बालेकिल्ला उभारला. आज दिसतात त्या भिंतींत पुढच्या शतकांतलं कामही मिसळलेलं आहे.

१२९१ मध्ये मात्र इथे तलवारीपेक्षा कायद्याचा कीस जास्त निघाला. स्कॉटलंडची गादी रिकामी, दावेदार डझनभर. निवाड्यासाठी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला बोलावलं, तर त्याने नॉरहॅमला स्कॉटिश सरदारांपुढे अट टाकली : आधी माझं अधिपत्य मान्य करा. पंच म्हणून बोलावलेला माणूस मालक होऊन बसला, असंच म्हणावं लागेल. पुढच्या वर्षी निकाल जॉन बेलियलच्या बाजूने लागला आणि त्याने एडवर्डशी निष्ठेची शपथ घेतली तीही नॉरहॅमलाच. त्यानंतरच्या दीर्घ युद्धांची बीजं इथेच पेरली गेली.

त्या युद्धांतली एक गोष्ट तत्कालीन किल्लेदाराच्या मुलाने, सर थॉमस ग्रे याने, लिहून ठेवली आहे. मार्मियन नावाच्या सरदाराला एका स्त्रीने सोन्याचा तुरा असलेलं शिरस्त्राण दिलं आणि ब्रिटनमधल्या सर्वांत धोकादायक जागी जाऊन ते गाजवायला सांगितलं. तो नॉरहॅमला आला. शत्रू दारात येताच किल्लेदाराने त्याला एकट्याला पुढे धाडलं. तो जबर जखमी झाल्यावरच शिबंदी धावून गेली. बापाच्या आठवणी मुलाने लिहिल्यात, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चालावं. हा ग्रे स्वतः १३५५ मध्ये स्कॉटिशांच्या हाती सापडला आणि एडिंबरोच्या कैदेत त्याने हे लेखन सुरू केलं.

१५१३ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या तोफांनी किल्ला पाडला. थोड्याच दिवसांत, ९ सप्टेंबरला, जेम्स जवळच्या फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला. किल्ल्याची डागडुजी झाली, पण १५५९ मध्ये तो बिशपकडून राणी एलिझाबेथकडे गेला आणि पुढे त्यावर खर्च करायची तिची तयारी नव्हती. १६०३ मध्ये दोन्ही देशांवर एकच राजा आला. मग सरहद्दीवरचा किल्ला कशाला? इंग्रज चित्रकार टर्नरने सुमारे १८४५ मध्ये रंगवलेल्या सूर्योदयात तो नुसती निळसर छाया उरला आहे.

गावाला खरा आधार नदीच्या सामन माशांचा होता. हंगामाच्या पहिल्या रात्री धर्मगुरूने जाळ्यांना आशीर्वाद द्यायचा प्रघातही विसाव्या शतकात इथे पडला. जुन्या नॉरहॅम पॅरिशमधल्या (चर्चच्या हद्दीतल्या) हॉर्नक्लिफपाशी १८२० मध्ये सॅम्युएल ब्राउनने १३७ मीटरचा साखळदंडी झुलता पूल टाकला. तोवर जगात एवढ्या लांबीचा लोखंडी झुलता पूल नव्हता. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये तो पुन्हा वाहनांसाठी खुला झाला.