पासवर्ड असूनही वाय-फाय बंद पाडता येते : ग्राहकांसाठी माहिती

‘आमच्या वाय-फायला चांगला पासवर्ड आहे’, असे अनेक ग्राहक निर्धास्तपणे सांगतात. पासवर्डमुळे परक्या माणसाला नेटवर्कमध्ये शिरता येत नाही हे खरे. परंतु आत न शिरताही नेटवर्क ठप्प करता येते आणि तेथे पासवर्डचा काहीही उपयोग होत नाही.

वाय-फायचे प्रत्येक उपकरण संदेश पाठवण्यापूर्वी चॅनल (रेडिओ लहरींचा ठरलेला मार्ग) मोकळे आहे का हे तपासते आणि नसेल तर थांबते. त्याच चॅनलवर कोणी सतत गोंगाट केला, तर बाकीची उपकरणे आपल्या पाळीची वाट पाहत गप्प बसतात. यासाठी मोठा जॅमरही (रेडिओ लहरी अडवणारे यंत्र) लागत नाही, साधे वाय-फाय कार्ड पुरते, हे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 मध्येच त्या काळच्या उपकरणांच्या बाबतीत दाखवून दिले होते.

दुसरा प्रकार याहून सोपा आहे. ‘जोडणी तोडा’ हा राउटरचा संदेश जुन्या पद्धतीत कोणत्याही सहीशिक्क्याविना जातो, त्यामुळे राउटरच्या नावाने तो कोणीही पाठवू शकतो. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मॅरियट समूहाच्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट अशाच रीतीने तोडले जात होते. त्याबद्दल 2014 मध्ये समूहाला 6 लाख डॉलर दंड भरावा लागला.

या खोट्या संदेशांवर उपाय म्हणून 802.11डब्ल्यू हे मानक 2009 मध्ये आले आणि 2018 च्या डब्ल्यूपीए-3 या वाय-फाय सुरक्षापद्धतीत ते सक्तीचे झाले. राउटरच्या सेटिंगमध्ये ते ‘पीएमएफ’ या नावाने दिसते. ते ‘रिक्वायर्ड’ (सक्तीचे) केले की जुने प्रिंटर आणि बारकोड स्कॅनर जोडले जाईनासे होतात, म्हणून आम्ही आधी ग्राहकाकडील सर्व उपकरणांची यादी करतो.

मुद्दाम केलेल्या गोंगाटावर मात्र कोणतेही सेटिंग हमखास चालत नाही. म्हणून बिलिंगचा संगणक आणि सीसीटीव्ही केबलवरच ठेवावेत, असा आमचा आग्रह असतो. ‘वायरलेस’ कॅमेऱ्यालाही विजेची वायर बहुधा ओढावी लागतेच. त्याऐवजी पीओई पद्धतीत एकाच नेटवर्क केबलमधून 100 मीटरपर्यंत वीज आणि चित्र दोन्ही नेता येतात. असे असताना केबलचा खर्च का टाळला जातो, हे आम्हाला खरोखर कळत नाही.

प्रत्येक बिघाडामागे घातपात असतो असे मुळीच नाही. नेट रोज जेवणाच्या सुटीतच जात असेल, तर शेजाऱ्यावर संशय घेण्यापूर्वी पँट्रीतील मायक्रोवेव्ह पाहावा, तोही वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यात चालतो. अशा वेळी उपकरणे 5 गिगाहर्ट्‌झवर नेल्यास त्रास थांबतो. खोडी कोणी मुद्दाम काढत असल्याची खात्री पटली, तरी उत्तरादाखल स्वतः जॅमर आणू नये. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो वापरणे बेकायदेशीर आहे.

तक्रार नोंदवताना नेट गेल्याची व आल्याची वेळ, बंद पडलेली उपकरणे आणि त्या वेळी केबलवरच्या संगणकावर नेट चालू होते की नाही, एवढे लिहून ठेवावे. तेथे नेट चालू असेल तर दोष इंटरनेट सेवेत नसून वाय-फायमध्ये आहे, हे आम्हाला फोनवरच कळते.