घरफाळ्याचं सॉफ्टवेअर अडकलंय? आधी 31 मार्चची बाकी जुळवूया

नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, कर व लेखा विभाग आणि ग्रामपंचायतींसाठी

घरफाळ्याच्या, म्हणजे मालमत्ता कराच्या, सॉफ्टवेअरचा कार्यादेश निघून दोन वर्षं झाली. संगणक आले, प्रशिक्षण झालं. तरी काउंटरवरचा क्लार्क आधी रजिस्टर उघडतो, बाकी बघतो आणि मगच स्क्रीनकडे वळतो. दोन्हीकडचे आकडे वेगळे निघाले की पावती हाताने फाडली जाते. तुमच्याकडे असं चालू असेल, तर त्या क्लार्कला दोष देऊ नका. समोर उभ्या माणसाला चुकीची थकबाकी सांगायची नाही, एवढंच तो सांभाळतोय.

आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसणारी सहाजणांची फर्म. नवीन सॉफ्टवेअर विकत नाही; दुसऱ्याने बसवलेलं आणि मध्येच अडकलेलं काम मार्गी लावतो. आमच्या शेजारी लेथ चालतात. जॉब बिघडून आला की तिथला कारागीर आधी माप घेतो, मशीनला नंतर हात लावतो. आमचीही रीत तीच. पहिले काही दिवस प्रोग्रॅमला हात लावत नाही. तुमचा एकच वॉर्ड घेतो आणि 31 मार्चअखेरची रजिस्टरमधली थकबाकी संगणकातल्या आरंभीच्या बाकीशी मिळकतवार ताडून बघतो.

फरक कुठे निघतात?

बहुतेक वेळा तारखांत. समजा 2,400 रुपये थकले आहेत. दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, धरला तर महिन्याला 48 रुपये. नागरिकाने ऑक्टोबरात पैसे भरले, पण पावती संगणकात चढली मार्चमध्ये, आणि ऑपरेटरने पावतीच्या जागी नोंदीची तारीख टाकली, तर पाच महिन्यांचे 240 रुपये त्याच्या माथी विनाकारण बसतात. अशी बिलं गल्लीभर वाटली गेली, की पुढची दोन वर्षं त्या संगणकावर कुणाचा भरवसा राहत नाही.

दुसरा घोळ नावांचा. जुन्या याद्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती गिचमीड दिसते. रूपांतर केलं तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास दगा देतात: कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं बरोबर उलटं. म्हणून ‘शिवाजी’ आणि ‘सूर्यवंशी’ ही नावं आम्ही मुद्दाम शोधून तपासतो. त्यात एकाच वॉर्डात ‘पाटील’, ‘पाटिल’ आणि ‘पाटिल.’ असे तिघे सापडतात. तो एकच माणूस की तीन भाऊ, हे कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकत नाही. ते तुमच्या जुन्या वसुली क्लार्कला विचारावं लागतं. एका नगरपरिषदेत निवृत्तीला आलेल्या अशा क्लार्कसोबत आम्ही चार दिवस रजिस्टर घेऊन बसलो. वाटणी होऊन दोन घरं झालेली, पण मिळकत क्रमांक एकच राहिलेला, अशा नोंदी त्यांनी पान न उलटता सांगितल्या. तुमच्याकडच्या अशा क्लार्कची बदली किंवा निवृत्ती व्हायच्या आत हे काम उरकायला हवं.

ग्रामपंचायतीत हीच ताडणी नमुना 8 (कर आकारणी नोंदवही), नमुना 9 (कर मागणी नोंदवही) आणि नमुना 10 च्या पावत्यांवरून होते. पानं कमी असली तरी कष्ट तेवढेच.

पुरवठादाराशी बिनसलं असेल तर भांडणाआधी एक गोष्ट करा: डेटाबेसचा पूर्ण बॅकअप आणि तक्त्यांची रचना लेखी मागून ताब्यात घ्या. तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप आम्ही धरत नाही. एक प्रत गावाबाहेर हवी. 2019 आणि 2021 चे महापूर आपण सगळ्यांनी पाहिलेत, तळमजल्यावर सर्व्हर ठेवू नका. पुरवठादाराची उरलेली देयकंही ‘बसवणी पूर्ण’ या शेऱ्यावर काढू नका. जेवढे वॉर्ड जुळले, तेवढ्यांचीच काढा.

मार्चमध्ये नवी प्रणाली सुरू करायला आम्ही नकार देतो, कितीही वरून आग्रह आला तरी. वसुलीची गर्दी असते, चूक शोधायला कुणाला उसंत नसते. 1 एप्रिल उत्तम. तो हुकला तर दुसऱ्या सहामाहीचा 1 ऑक्टोबर. त्यानंतर रजिस्टर आणि संगणक दोन्ही एकच महिना चालवायचे. त्याहून जास्त ताणलं तर कर्मचारी दोन्हीकडे अर्धवट लिहायला लागतात.

आकारणीचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, यांसाठी लोक रोज तुमच्या दारात येतात. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास त्यांना अपील करता येतं, आणि ‘सॉफ्टवेअर बंद आहे’ हे त्यांना द्यायचं उत्तर नव्हे. म्हणून दुरुस्ती चालू असताना दाखले कशावरून द्यायचे, हे आम्ही पहिल्याच दिवशी कर निरीक्षकांसोबत लिहून ठरवतो.

काही कामं वाचत नाहीत. बॅकअप मिळतच नसेल आणि रजिस्टरही दोन वर्षं लिहिलेलं नसेल, तर आम्ही तसं लेखी कळवतो आणि पुढचं काम घेत नाही. तपासणीची फी आधी ठरलेली असते, ती वाढत नाही.

पहिल्या भेटीला मूळ करारनामा, गेल्या आर्थिक वर्षाचं एका वॉर्डाचं मागणी रजिस्टर आणि त्याच वॉर्डाची संगणकातली यादी काढून ठेवा. आणि काउंटरवर रोज बसणाऱ्या माणसाला बैठकीला बोलवा.