हळदीच्या फोटोत कापसाचं बोंड कशाला?

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद पिकते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीआधी तिथल्या एका बचत गटाने पुण्या-मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकांना ई-मेलवर जाहिरात पाठवली. हळदीचं पाकीट, भाव, फोन नंबर, सगळं एकाच मोठ्या चित्रात. दोन दिवस कोणाचंच उत्तर नाही. मग एका बाईंचा फोन आला, की मेलमध्ये नुसता रिकामा चौकोन आहे. गटातल्या मावशींनी मला गाठलं, "काहून जी भाऊ, फोटो दिसूनच नाही राहिला?"

जाहिरातीच्या मेलमधलं चित्र बहुतेक वेळा मेलसोबत येतच नाही. मेल उघडला की ते दुसऱ्या सर्व्हरवरून मागवलं जातं. त्या मागणीवरून पाठवणाऱ्याला कळू शकतं, की मेल उघडला गेला. म्हणून कित्येक कचेऱ्यांमधली मेल-व्यवस्था चित्रं आपणहून उघडत नाही. चित्रातच भाव लिहिला असेल, तर चित्राबरोबर भावही गेला. अंध वाचकाला फोन मेल मोठ्याने वाचून दाखवतो, त्या फोनलाही चित्रातली अक्षरं बहुधा वाचता येत नाहीत. म्हणून भाव आणि नंबर साध्या मजकुरात लिहायचे, आणि चित्रामागे एक पर्यायी ओळ ठेवायची, म्हणजे चित्र न उघडल्यास त्याच्या जागी दिसेल किंवा वाचली जाईल अशी: 'सुपात वायगावची हळद, बाजूला कापसाचं बोंड.'

मग चित्र हवंच कशाला? चित्र मजकुरापेक्षा ६०,००० पट वेगाने कळतं, असं जाहिरातवाले सर्रास सांगतात. त्यामागे कोणताही प्रयोग सापडत नाही, ते विसरलेलं बरं. खरा प्रयोग वेगळा आहे. मानसशास्त्रज्ञ लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना १०,००० चित्रं दाखवली. नंतर जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून 'आधी पाहिलेलं कोणतं?' असं विचारलं, तेव्हा सुमारे ८३ टक्के उत्तरं बरोबर आली. चित्रांच्या तुलनेत शब्द कमी लक्षात राहिले. मानसशास्त्रज्ञ अॅलन पायव्हिओ यांचं म्हणणं असं, की चित्र पाहताना त्याचं रूपही साठतं आणि मनात उमटलेलं नावही, म्हणजे आठवणीला दोन वाटा मिळतात.

पण डोळ्याची एक मर्यादा आहे. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. जवळपास तेवढ्याच भागात आपल्याला बारीक तपशील दिसतो. बाकीचं दृश्य नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारून जुळवते. सहा फोटो कोंबले तर तिने कुठे उतरावं? एकच फोटो, मोठा, पुरे.

आता बोंडाचं. माझ्या मते सगळ्या मेलमधलं हेच सर्वांत महत्त्वाचं काम होतं. गटाच्या पहिल्या फोटोत काठोकाठ हळदच भरली होती, आणि तरी ती फिकी दिसत होती. ऊन, सावली, बल्ब, प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. आपला मेंदू तो नकळत वजा करतो, कॅमेऱ्याला मात्र अंदाज बांधावा लागतो. त्यातला एक जुना, सोपा अंदाज असा: दृश्यातले सगळे रंग मिसळले, तर सरासरी करडी यावी. चौकटभर पिवळंच असेल, तर कॅमेऱ्याला उजेडच पिवळा वाटतो. तो निळ्याची भर घालतो आणि हळद उतरून जाते. हळदीचा पिवळा रंग देणारं कुरकुमिन उजेडात खरोखरच विटतं, त्यामुळे असा फोटो पाहून गिऱ्हाइकाला माल जुना वाटला तर त्याचा दोष नाही. आम्ही ओसरीच्या सावलीत सूप ठेवलं आणि शेजारी शेतातलं फुटलेलं बोंड. पांढरं काय, हे कॅमेऱ्यालाही कळलं आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यालाही. रंग खरा आला. शिवाय बोंडावरून हळदीच्या कांड्या केवढ्या, तेही समजलं.

फोटो ४ एमबीचा होता. गावात रेंज कमी असताना तो चढवायलाच वेळ लागे, आणि प्रवासात मेल उघडणाराही तेवढा थांबत नाही. जेपीजी पद्धतीत तो १५० केबीपर्यंत आणता येतो. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकातले, डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक चढउतार गाळून टाकतात. यामागचं गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली मांडलं. हळदीच्या मऊ छटांना ते छान मानवतं. अक्षरांच्या धारदार कडांभोवती मात्र डाग उमटतात. भाव चित्रात लिहायचा नाही, याला हे आणखी एक कारण.

मावशींना चक्कीवरचं दळणही दाखवायचं होतं, म्हणून छोटं हलतं जीआयएफ केलं. मेल वाचायच्या आउटलुक प्रोग्रॅमच्या विंडोजवरच्या काही जुन्या आवृत्त्यांमध्ये त्याची पहिलीच चौकट दिसते आणि चित्र तिथेच थांबतं. आमच्या पहिल्या चौकटीत रिकामी चक्की होती. मावशींनी ती काढायला लावली आणि डब्यात हळदीची धार पडते, ती चौकट सुरुवातीला आणली.