काळ्या जमिनीत डिटेक्टर किरकिरला, म्हणजे कॉईल जळाली?

जुना मेटल डिटेक्टर शेतात सारखा वाजू लागला की ‘कॉईल (जमिनीवरून फिरवायची, आत तारेचं वेटोळं असलेली तबकडी) जळाली’ असं खानदेशात सर्रास सांगतात. बहुतेकदा ते चूक असतं. इथली काळी माती बेसाल्टची. त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजानेही यंत्र वाजतं. आधी कॉईल हवेत धरा, मोबाईल आणि विजेच्या तारांपासून लांब. तिथे शांत राहिला तर ग्राउंड बॅलन्स (मातीचा परिणाम वगळणारी सेटिंग) नव्याने लावा, सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनक्षमता) थोडी उतरवा.

हवेतही वाजतोच? बॅटरीचे व्होल्ट यंत्र चालू ठेवून मोजा. बंद यंत्रात मरतुकडा सेलही ठणठणीत दिसतो. मग केबल हलवून बघा. ती बहुधा कॉईलच्या तोंडाशीच तुटते. केबल धड असेल, तर आतल्या सर्किट बोर्डावरचे फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, छोट्या डबीसारखे भाग) बदला: मायक्रोफॅरड (साठवण क्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त.