हातावरच्या गळवाचा आकडा

सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घामोळ्यापाठोपाठ गळवंही येतात. घरातली निदानं पाठ असतात. केसाच्या मुळाशी एकच तोंड असलं तर केसतूड, चार तोंडं एकत्र झाली की काळपुळी, काखेत आलं तर काखमांजरी, नखाच्या कडेला ठणकलं तर नखुरडं. उपाय मात्र बहुतेक वेळा एकच, भाजलेला कांदा बांधायचा. हेच दुखणं पूर्व भागातल्या तेलुगू घरात कुरुपु असतं आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमध्ये कुरु. ओपीडीच्या रांगेत तिघंही शेजारी उभी असतात. अशा गावात आजाराला नावाऐवजी आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, आकडा का द्यावा लागतो, हे फार समजावून सांगावं लागत नाही.

आकड्यांची सुरुवात मात्र आजारापासून झाली नाही, मरणापासून झाली. पॅरिसच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, आणि पुढे दर दहा वर्षांनी ती सुधारायचं ठरलं. पेनिसिलिन यायच्या आधीचा तो काळ. साध्या काळपुळीनेही माणूस दगावत असे. पण गळू होऊन जी माणसं बरी व्हायची, त्यांची मोजदाद हा या यादीचा मुख्य विषय नव्हता. १९४८ मध्ये यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, तेव्हा सहाव्या आवृत्तीत जिवंत माणसांच्या आजारांना खऱ्या अर्थाने जागा मिळाली.

नवव्या आवृत्तीची मांडणी मला अजूनही चमत्कारिक वाटते. केसतूड आणि काळपुळी ६८० मध्ये, तर गळू ६८२ मध्ये. त्यातही दंड आणि कोपराखालचा हात मिळून ६८२.३. पण याच आकड्यात सेल्युलायटिसही होता, म्हणजे पू न धरता त्वचेखाली पसरत जाणारी सूज. सर्जनच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रकार. पू झाला असेल तर चीर द्यायची. नुसती सूज असेल तर चिरून काहीच निघत नाही. सुश्रुताने सुजेच्या आम (कच्ची), पच्यमान (पिकत आलेली) आणि पक्व (पिकलेली) अशा अवस्था सांगितल्या, त्या याच निर्णयासाठी. दहाव्या आवृत्तीने ही चूक सुधारली. सेल्युलायटिस एल ०३ मध्ये गेला, आणि गळू, केसतूड, काळपुळी एल ०२ मध्ये एकत्र आली.

जागेचा प्रश्न उरलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात एल ०२.४ म्हणजे हातापायावरचं गळू. काखेपासून घोट्यापर्यंत कुठेही येवो, आकडा तोच. आपल्याकडे हेच पुस्तक चालतं. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आपली वाढवलेली आवृत्ती लागू केली आणि त्याच एका आकड्याच्या फांद्या झाल्या: उजव्या हाताला एल ०२.४१३, डाव्या हाताला एल ०२.४१४. हाताचा पंजा मात्र यात धरायचा नाही, तो एल ०२.५ मध्ये. हा बारकावा तिकडे बिलासाठीही लागतो. मागच्या महिन्यात उजवा हात चिरला आणि आता डावा, तर ते नवीन दुखणं आहे हे विमा कंपनीला आकड्यावरूनच कळतं.

माझ्या मावसबहिणीची मुलगी बीएस्सी करून हैदराबादला मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतले केसपेपर वाचायचे आणि आकडे लावायचे, हे तिचं काम. सुट्टीत आली होती तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काख हातातच धरता ना?"

"नाही मावशी, वेगळी. उजवी ४११, डावी ४१२."

म्हणजे काखमांजरीला तिकडेही स्वतंत्र घर मिळालं तर!

जंतूचा आकडा वेगळाच. ॲबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० मध्ये गळवाच्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू पाहिले आणि पुढे त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. कल्चरमध्ये, म्हणजे पुवातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, त्यांतलाच स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला की गळवाच्या आकड्याला बी ९५.६ जोडता येतो.

१ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती अमलात आली आहे. तिच्यात गळवाचा मूळ आकडा एक. अवयव कोणता आणि बाजू उजवी की डावी, हे जादा आकडे जोडून सांगायचं. अर्थात डॉक्टरांनी केसपेपरवर बाजू लिहिलेली असेल तर. "हातावर गळू, चीर दिली, एक दिवसाआड ड्रेसिंग" एवढंच लिहिलेलं असेल, तर आकडा लावणाऱ्याने ती कुठून आणायची?