दरड कोसळते ती मातीच्या वजनाने नव्हे

जुलै आला की वरंधा नाहीतर आंबेनळी घाटात दरड कोसळल्याची बातमी येते, आणि पाठोपाठ ठरलेलं स्पष्टीकरण: 'पावसाने माती जड झाली आणि घसरली.' ऐकायला पटतं. पण नुसत्या वजनाने उतार घसरत नाही.

उतारावरच्या मातीचं वजन दोन कामं करतं. त्याचा एक हिस्सा थराला खाली ओढतो, दुसरा त्याला खालच्या कातळावर दाबून धरतो. जितका दाब जास्त तितकं घर्षण जास्त, हे शाळेत शिकलोय. आता वजन दुप्पट करा. ओढ दुप्पट झाली, पण दाब आणि घर्षणही दुप्पट. फिटंफाट!

मग पाणी करतं काय? विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात आहे तोवर हलकी लागते, बाहेर आली की खांदा भरून येतो. मातीच्या कणांचं तेच होतं. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की ते पाणी भाराचा वाटा स्वतःवर घेतं. कण जागच्या जागी दिसतात, पण एकमेकांवर पूर्वीइतके रेलत नाहीत. घर्षण ठरतं ते या उरलेल्या भारावर. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात एकूण भारातून हा उरलेला भार वेगळा काढला आणि त्यावर आजची मृदा यांत्रिकी, म्हणजे मातीच्या ताकदीचं शास्त्र, उभी राहिली.

थोडं गणित करू. चिकटपणा नसलेली, ३५ अंश घर्षणकोनाची (म्हणजे कोरडी असताना ३५ अंशांच्या उतारापर्यंत टिकणारी) माती २० अंशांच्या उतारावर आहे. सुरक्षितता गुणांक म्हणजे धरून ठेवणारं घर्षण भागिले खाली ओढणारी ओढ. कोरडी असताना तो ३५ अंशांचा टॅन भागिले २० अंशांचा टॅन, साधारण १.९. निवांत. आता पाणी पृष्ठभागापर्यंत चढलं आणि उताराला समांतर झिरपू लागलं. भिजलेली माती घनमीटरला सुमारे २ टन, पाणी १ टन, म्हणजे घर्षणासाठी भार उरला निम्मा. ओढ मात्र पूर्ण २ टनांचीच. गुणांक ०.९५च्या आसपास येतो, आणि १च्या खाली गेला की उतार गेला.

सह्याद्रीत वर माती-मुरूम आणि खाली बेसॉल्टचा कातळ, ज्यातून पाणी सहज झिरपत नाही. मुरलेलं पाणी कातळावर येऊन अडतं आणि तिथेच दाब वाढतो. जूनभर माती पाणी पिऊन तुडुंब होते, मग जुलैअखेरची एखादी झड पुरते. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण ढिगाऱ्याखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं दगावली. 'डोंगर कोपला' म्हणून नारळ फोडणाऱ्यांवर आपण हसतो, पण 'वाळ्याचं गवत लावा, दरड थांबेल' हे पुढारलेलं आश्वासनही त्याच जातकुळीचं. मुळं वरचे दोन-तीन मीटर छान धरतात, पण सात-आठ मीटरांवरून सुटणाऱ्या थरापर्यंत ती पोचत नाहीत.

इंजिनिअर म्हणूनच भिंतीआधी पाण्याकडे बघतो. घाटातल्या संरक्षक भिंतीतून डोकावणारे ते पीव्हीसी पाइप शोभेचे नाहीत, मागचा दाब सोडायला ठेवलेत. त्यांच्यामागे खडीचा थर हवा. तो नसला की बारीक माती येऊन तोंडं बुजतात. कधी रंगकाम करताना गिलाव्यानेच बुजवलेली दिसतात. धो-धो पावसात त्यातून पाणी उडत असेल तर भिंत काम करतेय. चार दिवसांची झड लागलीय आणि पाइप कोरडे ठणठणीत, तर त्या भिंतीखाली गाडी लावू नका.