परदेशस्थ नागरिकांना वाणिज्य दूतावासाचे साहाय्य व संरक्षण

परदेशात राहणाऱ्या नागरिकाला अडचणीच्या वेळी त्याच्या देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास जी मदत करतो, तिला वाणिज्यदूतीय साहाय्य म्हणतात. पासपोर्ट हरवणे, अटक, थकलेला पगार, अपघात, मृत्यू, युद्ध अशा प्रसंगी ही मदत मागितली जाते. राजदूत राजधानीत बसून सरकारशी बोलतो. वाणिज्यदूताचे काम मुख्यतः माणसांशी आणि त्यांच्या कागदपत्रांशी असते. बोलीत दोन्ही कचेऱ्यांना सरसकट वकिलात म्हणतात. अनेक देश नागपूरसह महाराष्ट्राचा कारभार मुंबईतील कचेरीतून पाहतात, त्यामुळे नागपुरात अडचणीत आलेल्या परदेशी माणसालाही बहुधा मुंबईलाच फोन करावा लागतो.

या मदतीचा कायदेशीर पाया म्हणजे १९६३ चा व्हिएन्ना करार. तो १९६७ मध्ये अमलात आला आणि भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. कलम ३६ त्याचा गाभा आहे. परदेशी व्यक्तीला अटक झाली, तर ‘तुझ्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे’ हे तिला सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तिने तशी इच्छा दाखवली, तर विनाविलंब कळवावेही लागते. त्यानंतर वाणिज्यदूत तुरुंगात जाऊन भेटू शकतो आणि वकील मिळवून देण्याची व्यवस्था करू शकतो. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने फाशीची शिक्षा दिलेल्या कुलभूषण जाधव या भारतीयाच्या प्रकरणात पाकिस्तानने हे कलम मोडले, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी दिला. हेरगिरीचा आरोप असलेल्यांना हा हक्क नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. मात्र जाधवांना सोडून द्या, ही भारताची मागणीही मान्य झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढेच न्यायालयाने सांगितले. या साहाय्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका निकालात दिसतात.

मर्यादा नीट समजून घ्यायला हवी, कारण घरच्यांचा रोष बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. त्याच कराराच्या कलम ५५ नुसार वाणिज्यदूताने यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नसते. तो कैद्याला सोडवू शकत नाही, न्यायाधीशाला सांगू शकत नाही, मालकाच्या कपाटातला पासपोर्ट जबरदस्तीने काढून आणू शकत नाही. तो मालकाशी बोलतो, कामगार खात्याकडे तक्रार नेतो, पाठपुरावा करतो. आखातातील कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. कामगार पळून गेला अशी तक्रार मालकाने नोंदवली, तर पगार मागणारा माणूसच कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरू शकतो. अशा वेळी वकिलातीने दिलेले आणीबाणीचे प्रमाणपत्र, म्हणजे फक्त मायदेशी परतण्यापुरता एकेरी प्रवासाचा कागद, हातात असूनही देश सोडण्याची परवानगी अडून राहते.

पैशांसाठी भारताने २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन केला. वकिलातीच्या सेवांवर आकारलेल्या छोट्या अधिभारातून तो उभा राहतो. म्हणजे परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण करणारा सुस्थितीतला भारतीय नकळत दुसऱ्या कुणाच्या तिकिटाला हातभार लावत असतो. अडकलेल्यांचे राहणे-जेवणे, परतीचे तिकीट, कायदेशीर मदत, तातडीचे उपचार आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च यातून होऊ शकतो. गरज आणि पात्रता पाहून तो दिला जातो. मागताक्षणी मिळेल असे नाही.

नागपूरच्या घराला ही यंत्रणा नेमकी कुठे भेटते? खरे तर माणूस विमानात बसण्याआधीच. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो, आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना तिला उत्प्रवास संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. महाराष्ट्रातील ही कचेरी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. बरेच काम आता ई-मायग्रेट या संगणकीय प्रणालीवर चालते. मंजुरीसोबत नोकरीचा करार नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाख रुपयांचा विमा उतरतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटाने ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे व्हिसा बदलून देतो’ असे सांगितले, की हे सगळे एका फटक्यात गळून पडते. करार नाही, विमा नाही, सरकारदरबारी माणूस पर्यटक. पुढे तक्रार आली की वाणिज्यदूताच्या हातात पुरावा म्हणून मोबाइलवरचे संदेश तेवढे उरतात. रत्नागिरीकडच्या गावांत आखाताचा अनुभव घराघरांत मुरलेला आहे. विदर्भात तो तितका नाही, आणि एजंटाचे फावते ते इथेच.

माणूस तिकडे अडकला, तर घरच्यांना फेब्रुवारी २०१५ पासून ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ती थेट संबंधित वकिलातीकडे जाते आणि तिची प्रगती दिसत राहते. खासदाराचे पत्र घेण्याची रीत अजूनही आहे; पत्राने फाइल हलतेही, पण पासपोर्ट क्रमांक, कराराची प्रत आणि मालकाचा पत्ता नसेल तर पत्रही लंगडे. पासपोर्टच हरवला असेल, तर वकिलात ओळखीची खातरजमा भारतातून करून घेते आणि नागपूरच्या माणसाच्या बाबतीत ती चौकशी येथील प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयापर्यंत येऊ शकते.

मृत्यूचे प्रकरण सर्वांत किचकट. स्थानिक मृत्यू प्रमाणपत्र, पोलिसांचा अहवाल, मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि वकिलातीचे ना-हरकत पत्र, एवढे जुळल्याशिवाय शवपेटी विमानात चढत नाही. वारसांचे संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र भारतातून पाठवावे लागते. दफन तिथेच करायचे असले तरीही घरच्यांची लेखी संमती लागते. शवविच्छेदन किंवा पोलीस तपास सुरू असला, तर आठवडे जातात आणि त्याला वाणिज्यदूताचा इलाज नसतो. थकलेला पगार व भरपाई हा त्यानंतरचा वेगळा, लांबणारा पाठपुरावा.

युद्धात हे साहाय्य सामूहिक होते. १९९० मध्ये कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय विमानांनी आणले गेले. २०१५ मध्ये येमेनमधून ‘राहत’, २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘गंगा’ आणि २०२३ मध्ये सुदानमधून ‘कावेरी’ या मोहिमा झाल्या. अशा वेळी आधीच वकिलातीत नाव नोंदवलेला विद्यार्थी लवकर सापडतो. ही नोंदणी विनामूल्य असूनही फार थोडे जण ती करतात, हे नवलच.

हा हक्क राहत्या ठिकाणावर नसून नागरिकत्वावर ठरतो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला नागपूरकर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड बाळगत असला तरी भारताचा नागरिक नसतो. त्याला दुबईत अटक झाली तर भेटायला अमेरिकी वाणिज्यदूत जातो. उलट, जपानमध्ये जन्मलेले आणि नागपुरात धम्मकार्य करणारे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी भारतीय नागरिकत्व घेतल्यामुळे परदेशात त्यांच्यासाठी वकिलात भारताचीच. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतल्या तिबेटी निर्वासितांच्या मागे मात्र अशी कोणतीच वकिलात जन्मतः नसते. परदेशी जाण्यासाठी त्यांना पासपोर्टऐवजी भारत सरकारचे ओळख प्रमाणपत्र मिळते. याला एक अपवाद आहे: २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी नागरिकत्व कायद्यानुसार जन्माने भारतीय ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आणि त्यांना भारतीय पासपोर्टचा मार्ग खुला झाला.